घळीवरचा धागा

माणसानं रानात पाऊल टाकण्याच्या कितीतरी आधी प्राण्यांनी वेलींचा एक भुलभुलैया विणला होता. कुणीही यावं, गाठ बांधावी, खेळावं. पण मध्ये खोल घळ होती आणि पलीकडचं रान कुणी पाहिलंच नव्हतं.

अस्वलानं जाहीर केलं, "घळीवर पूल बांधेल त्याला मधाचं पोळं!"

कोळीण पुढं आली. म्हातारा ससा फिस्कारला, "खेळासाठी मोबदला घेतेस? आम्ही प्रेमानं गाठी बांधतो!"

"आजोबा, तुमचं गवत तुमच्या पायाखाली उगवतं. मी इथं विणत बसले तर घरचं जाळं रिकामं राहतं. मधावर माश्या तरी येतील. प्रेम आहे म्हणून उपाशी मरू?"

तिनं वाऱ्यावर धागा सोडला. तो पलीकडच्या फांदीला चिकटला. सहा दिवस ती धाग्यावर धागा चढवत राहिली आणि त्याचा जाड दोर झाला. सातव्या सकाळी खारींनी त्या दोरानं वेल पलीकडं ओढून नेली. दवानं चमकणारा तो पूल पाहायला सगळं रान जमलं.

सशाचा नातू सर्वांत आधी धावला. पलीकडून ओरडला, "आजोबा, इथं केवढं रान आहे! पुढं आणखी एक घळ दिसतेय!"

 ससा कोळिणीजवळ जाऊन हळूच म्हणाला, "बाई, पुढच्या घळीचं काय घ्याल?"