तारेखालचा शिमगा

वाघखोरे वीज सहकारी संस्थेच्या तारेखाली काय नव्हतं ते विचारा! सरपण होतं, पेंढ्याच्या उडव्या होत्या, सुक्या पानांचा पातेरा होता, कुणाचं तरी मोडकं बाजलंही होतं. तार ओढण्यासाठी संस्थेने रान तोडून केलेली पट्टी ती. उन्हाची, सपाट आणि कुणाच्याच मालकीची नाही, म्हणजे सगळ्यांच्या मालकीची. ‘वणव्याचे दिवस आले, तारेखाली काडी ठेवू नये’ अशी नोटीस संस्थेने तीनदा वाटली. सभासदांनी तिन्ही वेळा ती चुलीत घातली आणि कागद छान पेटतो म्हणून आणखी मागितली.

गेल्या साली तारेला फांदी घासली, ठिणगी सरपणावर पडली आणि वणवा डोंगर चढून थेट टेपवाडीच्या गोठ्यांना भिडला. यंदा संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब खानविलकर यांनी सभेत टेबलावर मूठ आपटली.

“शिमग्यानंतर तारेखाली काडी दिसली, तर टेपवाडीची लाइन पाऊस पडेपर्यंत बंद! रानातून जाते ती तेवढीच तार. ती बंद केली की माझ्या डोक्याचा ताप गेला.”

ताप जाणार होता आबासाहेबांच्या डोक्याचा, आणि हंडे येणार होते टेपवाडीच्या बायकांच्या डोक्यावर. कारण नदीचं पाणी वाडीत चढवणारा पंप त्याच लाइनवर होता. घरोघर मीटर वाचणारी शेवंती गोरिवले टेपवाडीचीच. ती ताडकन उठली.

“आबा, काड्या खालच्यांच्या नि पानी बंद आमचं? ही कुठली रीत?”

“मग तू काढ काड्या! होळीला आठ दिवस आहेत. संस्थेचा पैसा मिळणार नाही, माणूस मिळणार नाही. आणि एकाही सभासदाने बोंब मारता कामा नये. पुढे निवडणूक आहे. एक तक्रार आली, की तुझी वाडी बंद.”

“शिमग्यात बोंब नको म्हनता?” शेवंती म्हणाली. “बघते.”

सभा खो खो हसली. शेवंती घरी जाताना वाटेतल्या पाचही वाड्यांच्या पारावर थांबली. होळीची जुळवाजुळव करणारे गडी तिथे बसलेलेच होते.

“यंदा होळी कुणाची उंच होनार वो?”

“आमची!” प्रत्येक पारावर एकच उत्तर.

“लाकडं कुठून आनताय?”

“तीच तर पंचाईत हाय.”

“तारेखालची जागा कुनाचीच नाय म्हनतात. मग तिथली लाकडं तरी कुनाची?” एवढं बोलून ती पुढे गेली.

आता होळीसाठी पळवलेलं लाकूड म्हणजे चोरी नव्हे, हे खोऱ्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. ज्याचं गेलं त्याने गप्प बसायचं. तक्रार केली तर पाच दिवस गाव त्याच्याच नावाने बोंबलणार!

दुसऱ्या दिवसापासून शेवंती मीटर वाचायला निघाली. पहिलं घर अन्नपूर्णाकाकींचं.

“काकी, सरपन तारेखालीच हाय ना?”

“हाय की. का गो?”

“काय नाय. खालच्या वाडीचे गडी फेरी मारून गेले.”

काकींनी हातातली फुंकणी टाकली, नवऱ्याला झोपेतून उठवलं, आणि संध्याकाळच्या आत शेवटची ढलपीसुद्धा परसात आणून रचली. खालच्या वाडीत शेवंती वरच्या वाडीच्या गड्यांचं नाव सांगायची. दोन्हीकडे खरंच सांगायची. चार दिवसांत तारेखाली अशी धावपळ उडाली, की वाटावं खोऱ्याचं बिऱ्हाड बदलतंय! जे जागे झाले त्यांचं लाकूड घरी गेलं. जे झोपले त्यांचं होळीला गेलं. पेंढ्याच्या उडव्या, पातेरा आणि मोडकं बाजलंही गेलं. देवळापुढच्या मोकळ्या पटांगणात, सहाणेवर, पाण्याची पिंपं भोवती ठेवून, होळ्या अशा पेटल्या की म्हातारी माणसं खूश झाली.

धुळवडीच्या सकाळी आबासाहेब मॅनेजर पाध्यांना घेऊन जीपमधून पाहणीला निघाले. शेवंती मागे बसली होती. पट्टी सारवलेल्या अंगणासारखी स्वच्छ! एकेक खांब मागे पडत होता आणि आबासाहेबांची मान ताठ होत होती. शेवटचा खांब त्यांच्या स्वतःच्या बागेपाशी. तिथे त्यांनी जीप थांबवली आणि ते खाली उतरले.

“माझी ऐनाची लाकडं! दोन वर्षं वाळवलेली! कुणी नेली?”

“पाध्येकाका, वही काढा,” शेवंती म्हणाली. “तक्रार आली. लिहा, अध्यक्षांची लाकडं तारेखाली ठेवलेली होती, ती...”

“थांब! तारेखाली होती असं मी कुठे म्हटलं?”

“मग कुठं होती?”

आबासाहेबांनी वर तारेकडे पाहिलं, मग वहीकडे पाहिलं.

“कुठेच नव्हती.”

“मग गेलं काय?”

“काही नाही गेलं,” आबासाहेब दात खाऊन म्हणाले. पाध्यांनी वही मिटली आणि खोकल्याचं निमित्त करून पाठ फिरवली.

“गावभर घरोघर सांगत फिरलीस,” आबासाहेब धुमसत म्हणाले. “मला तेवढं सांगायला काय झालं होतं?”

“मीटर वाचायला जाईन तिथं सांगनार ना, आबा? तुमच्या मीटरच्या पेटीला तीन वरसं कुलूप हाय.”

पाध्यांचा खोकला फुटला तो हसूच होऊन. आबासाहेबांनी डोळे वटारले, पण मिशी दगा देऊन गेली. मग ते असे गदगदा हसले की टोपी पडली, आणि उचलायला वाकले तर आणखी हसू आलं!

टेपवाडीची लाइन चालू ठेवायचा ठराव त्यांनी तिथेच जीपच्या बॉनेटवर लिहून त्यावर सही केली. होळीतला मानाचा नारळ अध्यक्ष म्हणून त्यांना मिळाला होता, तो शेवंतीच्या ओटीत घातला. आणि करगोट्याला बांधलेली मीटरच्या पेटीची किल्ली सोडून तिच्या हातात दिली.