बानूला आलेली हाक

डोंगरापलीकडच्या एका गावाच्या शिवेवर एक शाळा होती, आणि त्या शाळेत एक मोठे गुरुजी राहत असत. मेंढपाळांच्या मुलांचीही तिथंच राहायची सोय होती. पाऊस सरला की मेंढपाळ आपली मेंढरं घेऊन लांबच्या कुरणांकडं जात, ते उन्हाळा संपता संपता परतत. जाताना मुलांना गुरुजींच्या हवाली करत. बाकीचे मास्तर शाळा सुटली की आपापल्या घरी जात. मागं उरत ती मुलं आणि मोठे गुरुजी.

गुरुजी मायेचे होते. स्वतः रांधून वाढायचे, कुणाला ताप आला तर उशाशी बसायचे. पण दिवेलागण झाली की त्यांचं काही चालेनासं व्हायचं.

त्या वेळी गावातल्या आया दारात उभ्या राहून लेकरांना हाका मारत. "ए हौशे, घरी ये गं!" "सोप्या, दिवा लागला, चल!" शाळेच्या कुंपणाशी बसून मेंढपाळांची मुलं त्या हाका ऐकत राहायची. एकेक नाव घेतलं जाई. त्यात त्यांच्यापैकी कुणाचंच नसे.

एक दिवस कुंभारणीनं आपल्या हौशीला हाक मारली, आणि कुंपणाजवळून बानू नावाची चिमुरडी ओरडली, "आले गं आई!"

तोंडातून निघूनच गेलं तिच्या. पोरं खदखदून हसली. "बानीची हौशी झाली, हौशी झाली!" बानू गुपचूप उठून आत गेली. त्या दिवसापासून तिचं जेवणावरचं मनच उडालं.

गुरुजींना वाटलं, या हाकाच पोरांच्या कानावर पडू नयेत. मग दिवेलागणीला ते घंटा बडवू लागले, आणि साऱ्यांना मोठ्यानं परवचा म्हणायला बसवू लागले. पाढ्यांच्या गलक्यात हाका बुडून गेल्या. बानूचे ओठ मात्र हलत नसत. पोर वाळत चालली.

गावात जाऊन कुणाला सांगावं, असं गुरुजींच्या मनात यायचं. पण पाय उचलत नसे. आईबापांनी मुलं आपल्या ओटीत घातलीत, आता दारोदार जाऊन काय सांगायचं? मला जमत नाही म्हणून? ते तसेच चुलीपुढं बसून राहत. त्यांच्या मनातलं विचारणारंही तिथं कुणी नव्हतं.

मग एका सकाळी बानूनं दुधाचा पेलाही बाजूला सारला. गुरुजींनी तिच्या हाताला हात लावला. काटकी लागावी तसा लागला. त्यांनी पायात वहाणा सरकवल्या आणि सरळ कुंभारणीचं अंगण गाठलं.

कुंभारीण माती मळत होती. "गुरुजी, तुम्ही? वाट चुकलात काय?"

गुरुजी वहाणा काढून तिच्यासमोर बसले. मग म्हणाले, "बाई, संध्याकाळी हौशीला बोलावता, तेव्हा आमच्या बानूचंही नाव घ्याल का? पोर जेवत नाही हो. माझं एकट्याचं बळ पुरत नाही तिला."

कुंभारणीचे हात मातीतच थांबले. "इतके दिवस घंटा बडवत होतात, गुरुजी. आम्हाला वाटलं, आमचा आवाज नको तुमच्या पोरांना. म्हणून लांब राहिलो." मग ती उठली. "आणि नुसतं नाव घेऊन काय होतंय? हाक मारली की ताटही वाढावं लागतं. वाढीन मी. पण एकट्या बानूलाच का? बाकीची काय दगडं आहेत? चला!"

दोघं घरोघर फिरले. तेलिणीनं एक पोर मागून घेतलं, सुतारणीनं दोन भावंडं. लोहार एकटाच राहायचा, त्याला ना बायको ना मूल. तो ओशाळून म्हणाला, "भाकरी थापीन हो मी. पण हाक? मी जन्मात कुणाला हाक मारली नाही. कशी मारतात?"

"भूक लागल्यासारखी मार," कुंभारीण म्हणाली.

त्या दिवशी गुरुजींनी घंटा वाजवली नाही. परवचाही नाही. मुलं पुन्हा कुंपणाशी जाऊन बसली. अंधारून आलं. गुरुजींच्या मनात आलं, लोक सकाळी हो म्हणतात, संध्याकाळी विसरतात. आज कुणीच बोलावलं नाही, तर?

"ए हौशे, घरी ये गं!" आवाज आला. मग थोडा थांबून, "ए बानू, तूही ये गं! भाकरी निवतीय!"

बानू हलली नाही. तिनं गुरुजींकडं पाहिलं. "गुरुजी, गावात दुसरी बानू आहे?"

"नाही, बाळ."

"मग ती मला बोलावतेय?"

"तुलाच."

बानू उठली. आधी हळू, मग धावतच निघाली. तेवढ्यात लोहाराचा घोगरा आवाज इतक्या जोरात आला, की गावातली कुत्री भुंकायला लागली. एकेक करून सगळी मुलं गेली. शाळा रिकामी झाली. गुरुजी पायरीवर एकटेच बसले. एरवी ही शांतता त्यांना खायला उठली असती.

जेवून मुलं परतली. बानू गुरुजींजवळ येऊन उभी राहिली. "गुरुजी, ती ओरडली माझ्यावर. हात न धुता बसले म्हणून."

"मग? रडलीस?"

"नाही," बानू म्हणाली, आणि खूप दिवसांनी हसली. "हौशीवर ओरडते ना, तश्शीच ओरडली."

तात्पर्य: शाळा सांभाळणाऱ्यानं मुलांना कितीही जीव लावला, तरी सगळ्या गावाची माया एकट्याला देता येत नाही. लेकरांसाठी ती मागायला गावात जावं, आणि वेळेवर जावं.