घाईनं खुडलेले टोमॅटो

डोंगराची उतरण जिथे संपते, तिथे पत्र्याच्या छपराचं एक इवलंसं घर होतं. त्या घरात शेवंती राहायची. तिची आई उजाडायच्या आधी खडी फोडायला जायची आणि दिवेलागणीला परत यायची. जाताना शेवंतीसाठी एक भाकरी फडक्यात बांधून ठेवायची. तीच न्याहारी, तेच जेवण. एवढ्याशा मुलीनं एका भाकरीवर दिवस काढावा, हे कुणी ठरवलं कोण जाणे. ज्यानं ठरवलं, त्याला एखाद्या परीनं चांगलं खडसावायला हवं होतं. पण पऱ्या असल्या लोकांकडे जात नाहीत. त्या बागेत येतात.

आणि बाग होती शेजारच्या ठकूमावशीची.

ठकूमावशी बांगड्या विकायची. मोरपंखी, डाळिंबी, जांभळ्या, हळदी पिवळ्या बांगड्यांच्या माळा खांद्यावर टाकून ती गावोगाव हिंडायची. शेवंतीच्या मनगटाला बसेल अशी बांगडी मात्र तिच्याकडे नव्हती. ती शेवंतीचं मनगट दोन बोटांत धरून म्हणायची, "जरा जाड हो गं बाई, माझा धंदा बुडतोय." मग दोघी हसायच्या.

मावशीच्या घरामागे काट्यांचं कुंपण होतं आणि त्याच्या आत टोमॅटोची झाडं. झाडांना आधाराला काठ्या होत्या. पाखरांनी टोमॅटोला चोच लावू नये म्हणून मावशीनं तडा गेलेल्या बांगड्या दोऱ्यानं त्या काठ्यांना टांगल्या होत्या. वारा आला की किणकिण व्हायची, ऊन आलं की जमिनीवर रंगीत चांदण्या नाचायच्या.

त्या हिवाळ्यात ठकूमावशीला ताप आला. ताप गेला, पण भूक काही परत आली नाही. दवाखान्यातल्या नर्सबाई येऊन पाहून गेल्या आणि म्हणाल्या, "पोटात अन्न गेलं नाही, तर नुसत्या गोळ्या काय करणार?"

शेवंतीनं पेज करून आणली. मावशीनं तोंड फिरवलं.

"तोंड कडू झालंय गं. घास गळ्याखाली उतरत नाही."

"मग काय खावंसं वाटतं?"

मावशीनं छपराकडे पाहिलं. "माझ्या झाडाचा लाल टोमॅटो. मीठ लावून. तेवढा आणून दे, मग जेवेन."

त्या दिवसापासून शेवंती बागेला पाणी घालू लागली. इवल्याशा कळशीनं, इवल्याशा हातांनी. टोमॅटो लागले होते खूप, पण सगळे हिरवे. बोराएवढे, लिंबाएवढे, थंडीनं अंग आखडून बसलेले. शेवंती त्यांना समजवायची, "लवकर व्हा ना रे लाल. माझी मावशी उपाशी आहे." टोमॅटो ऐकत नव्हते. रोज सकाळी ती धावत बागेत यायची, आणि रोज सगळं हिरवंच. इकडे मावशीचे गाल आत जात चालले होते.

मग शेवंतीला एक गोष्ट आठवली. उन्हाळ्यात गावात कैऱ्यांची अढी घालतात, ती तिनं पाहिली होती. कच्च्या कैऱ्या गवतात दडपून ठेवायच्या, वर पोतं झाकायचं, की थोड्या दिवसांत आंबे पिवळेधमक. कैरी पिकते, तर टोमॅटो का नाही पिकणार?

कुणाला विचारावं, एवढाही धीर तिला राहिला नव्हता. तिनं टोपलीत गवत अंथरलं आणि टोमॅटो खुडायला सुरुवात केली. एक खुडला, दोन खुडले. जितके जास्त ठेवू, तितका एखादा लवकर लाल होईल, असं तिला वाटलं. म्हणून तिनं सगळे खुडले. एकूण एक.

टोपली तिनं कुंपणापाशी सावलीत ठेवली, वर पोतं घातलं आणि काही दिवस वाट पाहिली.

कैरी झाडावरच भरलेली असते, आत कोय धरलेली असते, म्हणून ती अढीत पिकते. हे टोमॅटो अगदीच कोवळे होते. त्यांच्या पोटात अजून बीसुद्धा नीट धरलं नव्हतं. शेवंतीनं पोतं उचललं तेव्हा ते हिरवेच होते, आणि त्यांच्या गुळगुळीत सालीवर बारीक सुरकुत्या पडल्या होत्या. मावशीच्या गालांसारख्या.

शेवंतीनं झाडांकडे पाहिलं. तिथे आता काहीच नव्हतं. तुटलेले देठ तेवढे होते. तिला रडूही येईना. ती तशीच मातीत बसून राहिली.

तेवढ्यात किणकिण झाली. वारा तर पडला होता.

एका डाळिंबी बांगडीत बसून कुणीतरी झोका घेत होतं. अंगठ्याएवढी एक इटुकली परी. टोमॅटोच्या फुलासारखा टोकदार पाकळ्यांचा पिवळाजर्द झगा, केसांत दवाचे मणी, आणि पाठीवर कांद्याच्या पापुद्र्यासारखे झिरझिरीत पंख.

"मी या बागेतली परी," ती हळूच म्हणाली. "तुझ्या कळशीचं पाणी रोज माझ्या पायांवर पडतं. छान वाटतं. म्हणून तुझ्या दोन इच्छा मी पुऱ्या करीन."

शेवंती ताडकन उठली. "हे सगळे टोमॅटो परत झाडाला लाव."

परीचा झोका थांबला. "तेवढं मला जमत नाही. देठापासून तुटलेलं मी परत जोडू शकत नाही. कुणालाच येत नाही ते."

"मग यांना लाल कर."

"करीन. पण आधी ऐकून घे. मी रंग देऊ शकते, पण तो रंग..."

"कर ना गं. मावशी सकाळपासून पाणीसुद्धा प्यायली नाहीये."

"अगं, रंग फक्त..."

"कर ना."

परीनं सुस्कारा टाकला आणि पंख झटकले. सोनेरी पूड टोपलीवर भुरभुरली. सुरकुत्या मिटल्या, साली तकाकल्या, आणि बघता बघता टोपलीभर टोमॅटो लालबुंद झाले, जणू एकेकाच्या पोटात छोटासा दिवा लागला होता. शेवंतीनं टोपली उचलली आणि ती पळत सुटली. परी काय म्हणत होती, ते तिनं ऐकलंच नाही.

टोमॅटो पाहून ठकूमावशी उशीवरून उठून बसली. कितीतरी दिवसांनी तिचे डोळे हसले.

"माझ्या झाडाचे?"

"तुझ्याच झाडाचे."

मावशीनं एक उचलला, पदरानं पुसला, मीठ लावलं आणि चावा घेतला.

दात लागला मात्र, आणि सगळा लाल रंग पाणी ओघळावं तसा ओघळून गेला. मावशीच्या हातातला टोमॅटो हिरवा झाला. टोपलीतले सगळे हिरवे झाले, सुरकुतले. मावशीनं तोंडातला घास बाहेर काढला. कडक, तुरट, आंबट.

"शेवंते," ती म्हणाली, "झाडावर किती राहिलेत?"

"एकही नाही."

"सगळे खुडलेस?"

"तू लवकर जेवावंस म्हणून."

मावशी रागावली असती तर बरं झालं असतं. ती रागावली नाही. "असू दे," एवढंच म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून निजली.

शेवंती बागेत परतली, तेव्हा परी बांगडीतच बसून होती.

"रंग फक्त पहिला दात लागेपर्यंत टिकतो," परी म्हणाली. "तेच सांगत होते."

"मी ऐकलं नाही."

"मीही मोठ्यानं सांगायला हवं होतं." परीनं मान खाली घातली. "रंग माझ्या हातात आहे. चव नाही. ती झाडावर, उन्हात, हळूहळू येते."

"मग दुसरी इच्छा. मावशीला भूक लागू दे."

"मावशी घरात आहे, शेवंती. माझी जादू या कुंपणाच्या आतच चालते."

शेवंतीनं डोळे पुसले. कुंपणाच्या आत जादू होती आणि बाहेर मावशी होती. मग बाहेरचं जे काय करायचं, ते आपणच करायला हवं. आई तर आंबट कैरी, आंबट बोरं, काहीच टाकत नाही. सगळ्याची चटणी करते. हे टोमॅटोही आंबटच आहेत की.

ती मावशीच्या घरात गेली, टोमॅटो धुतले, चिरले, चूल पेटवली आणि तव्यावर तेल टाकलं.

"काय चाललंय?" मावशीनं भिंतीकडे तोंड ठेवूनच विचारलं.

"चटणी."

"कसली?"

"त्याच टोमॅटोंची."

शेवंतीनं टोमॅटोच्या फोडी उचलल्या.

"आधी मिरच्या नि लसूण परतून घे. टोमॅटो आधी घातलेस तर नुसतं पाणी सुटेल."

"किती मिरच्या घालू?"

"मला काय विचारतेस? मला कुठे खायचीय."

तेलात मिरच्या तडतडल्या, लसूण गुलाबी झाला, जिऱ्याचा खमंग वास घरभर पसरला. मग शेंगदाणे, मग तीळ. मग हिरव्या फोडी चर्रकन तव्यात पडल्या.

"गुळाचा खडा घाल. डब्यात बघ. मुंग्या असतील तर झटकून घे."

"आहेत."

"त्यांचं नशीब तरी बरंय."

शेवंतीनं सगळं पाट्यावर घेतलं आणि वरवंटा ओढू लागली. वरवंटा जड, हात काडीसारखे. दाणे इकडून तिकडे पळत होते, पण वाटले काही जात नव्हते. बराच वेळ मावशीनं तो आवाज ऐकला. मग भिंत धरून ती उठली, पाट्यापाशी येऊन बसली.

"सरक. पाट्याला अशा गुदगुल्या करत बसलीस, तर पुढल्या हिवाळ्यात होईल चटणी."

दोघींनी मिळून वरवंटा ओढला. थोड्या वेळानं मावशीनं मीठ बघायला बोटभर चटणी जिभेवर ठेवली. मग पुन्हा बोट लावलं. मग पुन्हा.

"मीठ कमी आहे का?" शेवंतीनं घाबरत विचारलं.

"नाही," मावशी म्हणाली. "नीट कळलं नव्हतं म्हणून परत बघितलं."

शेवंती धावत घरी गेली, फडक्यातली आपली भाकरी घेऊन आली आणि मावशीच्या ताटात ठेवली. मावशीनं तुकडा मोडला, चटणीला लावला, तोंडात घातला. हळूहळू चावला. आणि तो घास गळ्याखाली उतरला.

शेवंतीनं पानाच्या तुकड्यावर कणभर चटणी घेतली आणि ती बागेत गेली. ऊन कलतं झालं होतं. परीनं चटणी चाटली, तिच्या डोळ्यांत पाणी आलं, नाकाचा शेंडा लाल झाला, आणि ती खुदकन हसली.

"तिखट आहे. पण खरी आहे," ती म्हणाली. "तुझी एक इच्छा उरलीय, शेवंती. सांग. झालरीचा झगा हवा? चांदीचे पैंजण?"

शेवंतीनं विचार केला. "आई खडी फोडते, ती जागा कुंपणाच्या आत येते का?"

परीनं पंख मिटले. "नाही गं. ती फार लांब बाहेर आहे."

शेवंतीनं मान हलवली. मग ती झाडांकडे वळली. झाडं आता मलूल झाली होती. जिथून जिथून तिनं टोमॅटो ओढून काढले होते, तिथे तिथे देठ काळे पडले होते. एका फांदीची सालही सोलली होती. त्या सालीवर तिनं बोट ठेवलं.

"यांना परत फुलं येऊ देत," ती म्हणाली. "आणि टोमॅटो पिकायला जितका वेळ लागतो, तितका लागू दे. मी घाई नाही करणार."

"स्वतःसाठी काहीच नको?"

"मीच तर तोडले होते ना."

परी बांगडीतून उडाली आणि शेवंतीच्या तळव्यावर उतरली. तिचं वजन पाकळीएवढंही नव्हतं. "सगळेजण रंग मागतात," ती म्हणाली. "वेळ कुणी मागितला नव्हता." मग तिचा पिवळा झगा उजळत गेला, पंख उजळले, केसांतले दवाचे मणी उजळले. हळदीसारखा, केशरासारखा, कोवळ्या उन्हासारखा उजेड शेवंतीच्या ओंजळीत मावेना. तो बोटांमधून सांडला, फांद्याफांद्यांवर पसरला आणि विझला.

परी नव्हती. प्रत्येक काळ्या देठापाशी एकेक पिवळं इवलं फूल होतं.

आता फुलांचे टोमॅटो व्हायचे, टोमॅटो भरायचे, मग कुठे लाल व्हायचे. ते दिवस आपणच लांबवले, हे शेवंतीला ठाऊक होतं. ती फुलांजवळ उभी राहिली, पण एकालाही तिनं हात लावला नाही.

"शेवंते," आतून हाक आली. "अजून अर्धी भाकरी आहे का गं?"

"एकच होती, मावशी."

आत ताट सरकवल्याचा आवाज झाला.

"म्हणजे तुझी होती?"

शेवंती दाराशी येऊन उभी राहिली.

"आत ये बघू," ठकूमावशी म्हणाली. "पिठाचा डबा खाली काढ. मी थापते, तू भाज. आणि तुझ्या आईच्याही टाकू. आता रोज तिघींचं एकत्रच करत जाऊ."