जमिनीवरचं पोतं

“...म्हणजे ज्याला शंभर किलो झेपतात, त्यानंही पन्नासच उचलायचे का, बाबा?”

संदिपान अजून आतही आला नव्हता. उंबऱ्याबाहेरूनच त्यानं विचारलं, आणि ते इतक्या मोठ्यानं, की दर्ग्याच्या भिंतीवरचे पारवे भर्रकन उडाले.

गफूरबाबांच्या हातातली बशी हिंदकळली. म्हातारा फकीर दचकला, मग हसला.

“आधी सलाम करावा, मग भांडावं. ये. चहा घे.”

“चहा नको. उत्तर द्या.”

“उत्तर अजून उकळलं नाही. चहा तयार आहे.”

तो धुसफुसत बसला. चहाला मात्र हात लावला नाही.

लहानपणी तापानं फणफणलेल्या संदिपानला त्याच्या आईनं याच फकिराच्या मांडीवर आणून ठेवलं होतं. तेव्हापासून बाबांना विचारल्याशिवाय काही करायचं नाही, आणि विचारताना बाबांवरच चिडायचं, असं चाललेलं. आता तो मोंढ्यातला सगळ्यात दांडगा हमाल होता. धान्याचं पोतं पाठीवर घेऊन तो निघाला, की व्यापारीसुद्धा वाट सोडून बाजूला व्हायचे.

आज मात्र मोंढा बंद होता. हमालांच्या संघटनेनं काम थांबवलं होतं. शंभर किलोचं पोतं आता नको, पन्नासचं करा, एवढंच त्यांचं मागणं. दर्ग्याच्या पलीकडेच मोंढ्याचं फाटक. तिथं सगळे हमाल बसून होते.

संदिपान तेवढा इथं होता.

“धनराजशेठनं बोलावलं होतं,” तो म्हणाला. “म्हणाले, उद्या लिलावाला तू ये. तू पोतं उचललंस की बाकीचे आपोआप येतील. मग आमच्या आडतीचा मुकादम तूच.”

“वा! फेटा शोभेल तुला.”

“चेष्टा नको, बाबा.”

“चेष्टा कुठं? डोकं मोठंच आहे तुझं.”

संदिपानला हसू येणार होतं. त्यानं ते दाबलं.

“मी कष्टानं वर आलोय. कुणाच्या घोषणांनी नाही. आणि तो लिंबाजी बघा! चार पावलं पोतं नेत नाही. दिवसभर आपला एका जागी उभा. संध्याकाळी वाटा मात्र बरोबरीचा. कंबर गेली म्हणे. त्याची कंबर गेली म्हणून मी माझी पाठ झाकून ठेवू? सकाळी सगळ्यांदेखत म्हणालो त्याला. कामचुकार आहेस म्हणालो.”

“मग तो काय म्हणाला?”

“काही नाही. तंबाखू मळत बसला.”

बाबांनी बशीतला शेवटचा घोट घेतला.

“मग आता अडलंय कुठं?”

“तुमच्यावर. तुम्ही ‘हो’ म्हणा, की मी शेठला कळवतो.”

“म्हणतो की. त्याआधी माझं एक काम कर. उरुसाच्या जेवणाचे गहू येऊन पडलेत. तेवढं पोतं आत स्वयंपाकाच्या खोलीत ठेव. माझ्याच्यानं होत नाही.”

“एवढंच?”

संदिपानचा चेहरा खुलला. तो उठला, पंचा झटकला, डोक्याला बांधला. अंगणात शहाबादी फरशीवर शंभर किलोचं पोतं आडवं पडलं होतं. तो त्याच्यापाशी गेला, पोत्याकडे पाठ केली, पाय फाकवले, कमरेत वाकला. दोन्ही हात मागं नेले. आणि रोजच्यासारखी हाळी दिली.

“हं... येऊ द्या!”

पारवे भिंतीवर परत येऊन बसले होते. त्यांतला एक घुमला.

दुसरं काही झालं नाही.

तो तसाच वाकून उभा होता. मग त्यानं हळूच मान वळवून मागं पाहिलं.

मागं पोतं होतं. रोज ते पाठीवर चढवून देणारा लिंबाजी नव्हता.

त्याचे कान लाल झाले.

“सवय...” तो पुटपुटला.

“चांगली सवय आहे. थांब, मी देतो.”

बाबा खरंच उठले. पोत्याच्या दोन कोपऱ्यांना काटकुळे हात घातले, “या अल्ला!” म्हणून जोर लावला. पोतं हललं नाही. डोक्यावरची टोपी तेवढी खाली पडली.

संदिपानला आता हसू आवरेना. त्यानं टोपी उचलली, झटकली, म्हाताऱ्याच्या डोक्यावर नीट बसवली.

“बसा तुम्ही गुपचूप. अशानं कंबर जाईल.”

म्हणता म्हणता त्याची नजर फाटकाकडे गेली...

जरा वेळानं त्यानं पोत्याला एकट्यानंच मिठी घातली. गुडघ्यापर्यंत आणलं. पोटापर्यंत आणलं. गळ्याच्या शिरा तटतटल्या. तिथून वर मात्र ते येईना. धप्पकन खाली आलं, धूळ उडाली, पारवे पुन्हा उडाले.

“थप्पीवर असतं, तर एकट्यानं पाठीवर ओढून घेतलं असतं,” तो धापा टाकत म्हणाला.

“थप्पी कुणी लावली असती?”

संदिपाननं पोत्याचा एक कोपरा धरला. “ओढत नेऊ?”

“ने. फरशीनं पोतं फाटेल फक्त. उरुसाला येणारी माणसं खडे वेचून खातील, त्यांची तक्रार नसते.”

संदिपान पोत्यावरच बसला. फाटकाकडून कुणाचं तरी खोकणं ऐकू आलं, मागोमाग बऱ्याच जणांचं हसणं.

“म्हणजे माझी ताकद खोटीच का, बाबा?”

“कोण म्हणतो?” बाबांचा आवाज पहिल्यांदाच चढला. “एवढं ओझं घेऊन तुझ्यासारखं सरळ चालणारा या मोंढ्यात दुसरा नाही. मी इथं बसून रोज बघतो. नजर लागू नये म्हणून तुझ्या दिशेनं फुंकर घालतो. तुला माहीत तरी आहे का?”

संदिपाननं मान खाली घातली. बराच वेळ तो पोत्याच्या शिवणीवरून बोट फिरवत राहिला.

“मग... तुमचं ‘हो’?”

“पोतं आत गेलं, की हो.”

त्यानं निवलेला चहा एका दमात पिऊन टाकला. उंबऱ्यापर्यंत गेला. एका पायात चप्पल घातली, आणि थांबला.

“बाबा, सकाळीच लिंबाजीला नाही नाही ते बोललोय. आता कुठल्या तोंडानं बोलावू? जाऊन सांगू तरी काय?”

बाबा जवळ आले. त्याच्या छातीवरची गव्हाची धूळ त्यांनी हातानं झटकली, जशी आई शाळेत जाणाऱ्या पोराची झटकते.

“सांगू नकोस काही. इथं वाकलास ना... तसाच तिथं वाक.”