कोटेशनवर पाणी

सांगलीच्या उषाताई तगारे घरीच लोणची आणि मेतकूट करून विकायच्या. बरण्यांच्या लेबलांसाठी त्यांना घरापुरता रंगीत लेझर प्रिंटर हवा होता, म्हणून त्या पेठेतल्या बुबणेशेठच्या दुकानात गेल्या. कोपऱ्यातल्या लहान मशीनकडे त्यांनी बोट दाखवलं, तर शेठ हसलेच.

"अहो ताई, ते खेळणं आहे! त्याच्या छपाईला ओला हात लागला की रंग पसरलाच म्हणून समजा. हे घ्या." शेठनी कपाटाएवढ्या मशीनवर थाप मारली. "तीस वर्षं या धंद्यात आहे मी. लोणचं घालणाऱ्यांना यातलं काय कळणार?"

"तेही खरंच," उषाताई म्हणाल्या. "मोठ्याचं कोटेशन तेवढं छापून द्या, घरी दाखवते."

शेठ खुलले. त्यांच्या मागच्या फळीवर हुबेहूब तसलंच लहान मशीन होतं. त्यातून कोटेशन बाहेर आलं. वर लाल गणपती, खाली ठसठशीत निळ्या अक्षरांत शेठचं नाव.

उषाताईंनी काउंटरवरचा पाण्याचा पेला उचलला आणि सरळ त्या कागदावर ओतला.

"अहो, अहो!" शेठ ओरडले.

ताईंनी ओल्या कागदावरून अंगठा फिरवला. गणपती लाल तो लालच.

"हे खेळणंच द्या बांधून," त्या म्हणाल्या, "आणि घरी येऊन लावूनही द्या. तुमचं नाव पक्कं निघालं, शेठ. वाहून गेलं ते नुसतं बोलणं."