दगडाचा ताईत

"मग ताईत बांधू कुठं, बाबा? आरशाला का स्टेअरिंगला?"

घाटमाथ्यावरच्या दर्ग्यात नूरबाबा बसले होते. वारा फार, म्हणून दाराला आतून वीट लावलेली. समोर बापू झोरे. वडापची जीप चालवायचा, घाटात माणसं भरून खाली-वर न्यायचा, आणि आपल्यासारखा ड्रायव्हर अख्ख्या घाटात नाही, असं स्वतःच सांगत फिरायचा.

"ताईत कशासाठी?"

"नजर लागलीय गाडीला. महिनाभर झाला, घाट उतरताना थांबवली तरी पुढं सरकते. परवा सुमीला घेऊन खाली दवाखान्यात जायचंय. माझी बहीण. दिवस भरलेत तिचे. म्हटलं, जोखीम नको."

बाबा उठून बाहेर आले.

जीप चढावर उभी. पुढं लिंबू-मिरची, मागं जुनी चप्पल, बंपरला काळी बाहुली. नजरेला घुसायला जागाच नव्हती.

"घेताना काय बघून घेतलीस?"

"रंग बघा की. टेप बघा. आणि नंबराची बेरीज नऊ."

"चढावर उभी करून बघितलीस?"

"ती विकणाऱ्याच्या अंगणात होती, बाबा. सपाटीला."

बाबांनी वाकून मागच्या चाकाखाली बघितलं.

"हा दगड?"

"हँडब्रेक धरत नाही. सहा महिने हाच लावतो. घरचा दगड आहे, कधी दगा दिला नाही."

"आणि पायातला ब्रेक?"

"लागतो की. दोनदा दाबला की लागतो."

तरुणपणी बाबांनी बारा वर्षं ट्रकवर क्लीनर म्हणून काढली होती.

मग ते खाली बसले. खिशातून ताईत काढला आणि काळ्या धाग्यानं त्या दगडालाच बांधला. दोन गाठी मारल्या.

बापूला हसू आलं. "दगडाला, बाबा?"

"गाडी कोण धरतं तुझी?"

"...दगड."

"मग ताईत त्याचा. परवा घाट उतरताना हा कुठं असेल?"

"कुठं म्हणजे... मागं. सीटखाली."

"आणि सुमी?"

"वर... त्याच सीटवर." बापूनं खिशातून चावी काढली.

टेप बंद करून, पहिल्या गिअरमध्ये, बैलगाडीच्या चालीनं तो माथ्यावरच्या गावात मिस्त्रीकडं गेला. मिस्त्रीनं चाक काढलं, ब्रेकचा ड्रम काढला. आतले लायनर झिजून पापड झालेले. रिबिटं लोखंडाला घासत होती. ब्रेक ऑइल डांबरासारखं काळं.

"गावभर भोंगा वाजवत फिरतोस," मिस्त्री म्हणाला. "चाक कधी काढून बघितलंस? अजून एक घाट उतरला असतास, तर तुझ्या तेराव्याला जेवून आलो असतो मी."

एरवी बापूनं त्याची गचांडी धरली असती. आज स्पॅनर धरून उभा राहिला.

नवे लायनर पडले. ऑइल बदललं, हँडब्रेकची तार बदलली. मग मिस्त्रीनं गाडी चढावर दगड लावून उभी केली, हँडब्रेक ओढला, आणि स्वतः मागच्या चाकापाठी मांडी घालून बसला.

"काढ आता दगड."

बापूनं वाकून दगड ओढला. दगड निघाला.

गाडी तसूभर हलली नाही.

आठव्या दिवशी जीप दर्ग्यापुढं थांबली. चढावरच. मागं सुमी, तिच्या मांडीवर मुलगी. इवलीशी, गाढ झोपलेली.

"घाटभर झोपूनच आली, बाबा," सुमी म्हणाली. "एक हिसका बसला नाही. आणि हा दादा, जाताना-येताना एकदा भोंगा वाजवला नाही यानं. मला वाटलं, आजारी आहे."

बापूनं सीटखालचा दगड काढून आणला. ताईत तसाच होता. दोन्ही हातांनी त्यानं तो दारात बसलेल्या बाबांच्या पुढ्यात ठेवला.

"लागू पडला, बाबा. आता हा इथंच राहू दे तुमच्यापाशी."

बाबांनी दगडाकडं बघितलं. मग दाराला लावायच्या विटेकडं बघितलं.

"बापू, त्या मिस्त्रीला म्हणावं, इकडं येशील तेव्हा दाराला एक कडी घेऊन ये."