आईसाहेबांचा चाफा

ऐका मंडळी, लहानथोर सगळे ऐका! गोष्ट फार फार जुनी आहे. डोंगरापलीकडे एक चिमुकलं राज्य होतं आणि तिथला राजा होता भलताच उतावळा. मनानं लाख चांगला, पण समोरच्याचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबेल तर शपथ!

राजाची आई म्हातारी झाली होती, तिची दृष्टी गेली होती. रोज सकाळी आपल्या हातानं फुलं खुडून देवाला वाहायची, हा तिचा जन्माचा नेम. तो मोडला. आता दासी आणतील ती फुलं घ्यायची आणि गप्प बसायचं. पूजा व्हायची, पण तिचं मन काही भरायचं नाही.

एके दिवशी तिनं मुलाला बोलावलं आणि म्हणाली, "बाळा, माझ्या दारापुढे एक चाफा लाव, म्हणजे मला..."

चाफा! एवढं कानावर पडायचा अवकाश, राजा धावत सुटला. आईनं कधी नव्हे ते काही मागितलं होतं ना! लगेच दवंडी पिटली. मग काय विचारता, राज्यभर नुसती धांदल! कुणी सोनचाफा आणला, कुणी कवठी चाफा, कुणी हिरवा, कुणी नागचाफा. प्रधान म्हणे सोनचाफ्याला तोड नाही. सेनापती म्हणे हिरव्याचा वास अख्ख्या पेठेत जातो. दोघे अगदी हमरीतुमरीवर आले, तेव्हा राजानं सगळेच लावून टाकले. पांढरा चाफा तेवढा कुणी आणला नाही. तो काय, देवळामागे, माळावर कुठेही असतो. राजवाड्यात त्याला कोण विचारतो?

काही वर्षांत झाडं उंच झाली, फुलली. सगळीकडे घमघमाट सुटला. राजा नाचायचाच बाकी राहिला. आईला हाताला धरून तो झाडाखाली घेऊन आला. तिनं हात वर केला, फांदी लागेना. टाचा उंचावल्या, तरी लागेना. हिरव्या चाफ्याची पानं हाताला आली, पण त्यांत दडलेलं फूल काही सापडेना. मग दासी धावल्या, शिडी आली, परडी भरली. परडी हातात घेताना आईला रडू आलं.

राणीनं जवळ जाऊन विचारलं, "आईसाहेब, तुम्हाला कोणता चाफा हवा होता?"

"पांढरा गं," म्हातारी म्हणाली. "त्याच्या फांद्या खाली येतात. उन्हाळ्यात पानं झडतात आणि टोकाला नुसती फुलं राहतात. ती आंधळ्या हातालाही सापडतात."

राजा मटकन खाली बसला. हे आधी का नाही सांगितलंस, असं त्यानं विचारलं.

"सांगतच होते रे," आई म्हणाली. "तू थांबलास कुठे?"

राणीनं त्याच दिवशी देवळामागून एक फांदी आणून दारापुढे रोवली. तिनं मूळ धरलं. आणि एका चैत्रात, अहो, त्या बोडक्या फांद्यांवर पांढरे गुच्छच गुच्छ! आई एकटी उंबरठा ओलांडून आली. चाचपत बुंध्याशी पोचली, तेव्हा राजा मदतीला धावणार होता, पण राणीनं त्याचं मनगट घट्ट धरलं. आईचा हात बुंध्यावरून फांदीवर गेला, फांदीवरून टोकाशी गेला. तिनं एक फूल खुडलं. मग दुसरं. मग ती अशी काही हसली की राजालाच रडू फुटलं. ओंजळ भरून ती देवघराकडे निघाली, आणि वाटेत तिनं कुणालाही हाक मारली नाही.

म्हणून सांगतो, ज्याच्यासाठी निवडायचं, त्याचं म्हणणं आधी शेवटपर्यंत ऐकून घ्यावं.